थोरांची कार्डं, थोडक्या पैशांत: जुन्या बेसबॉल कार्डांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत सेंट लुईसजवळ राहतो आणि बरीच वर्षं जुनी बेसबॉल कार्डं जमवतो, म्हणजे खेळाडूचं चित्र आणि माहिती छापलेली, पूर्वी गमच्या किंवा तंबाखूच्या पाकिटांत येणारी छोटी कार्डं. घरी येणारे पाहुणे, मंडळाच्या गणपतीत भेटणारी मंडळी, पुण्याहून फोन करणारे भाचे, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

स्वस्त कार्ड आणि कमी लेखलेलं कार्ड, यांत फरक काय?

स्वस्त कार्डं पोत्याने मिळतात, त्यांच्या मागे धावायची गरज नाही. कमी लेखलेलं कार्ड म्हणजे खेळाडूने मैदानावर डोंगराएवढं काम केलंय, पण बाजार त्याला त्या मानाने भाव देत नाही, असं कार्ड.

मिकी मँटल आणि स्टॅन म्युझियल यांची तुलना करून पाहा. दोघांनाही तीन-तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं गेलं. मँटलचे होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) ५३६, म्युझियलचे ४७५. पण हिट (फटका मारून सुखरूप बेसवर, म्हणजे थांब्यावर, पोचणं) बघितल्या तर मँटलच्या २,४१५ आणि म्युझियलच्या ३,६३०. मँटलची सरासरी .२९८, म्युझियलची .३३१. मँटल थोरच होता, त्यात वाद नाही. पण ऑगस्ट २०२२ मध्ये मँटलचं टॉप्स या गम कंपनीचं १९५२ सालचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, आणि इकडे १९५० च्या दशकाअखेरचं म्युझियलचं साधंसं कार्ड अजूनही एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाच्या पैशांत मिळतं. एकाच वर्षाची, एकाच अवस्थेतली दोघांची कार्डं शेजारी ठेवली तरी मँटलचं कित्येक पट महाग.

कारण खेळात नाही, आठवणीत आहे. मँटल न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा. टीव्ही घरोघरी पोचला तेव्हा जवळजवळ दर वर्षी यँकीज वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, असायचे. ती पाहत वाढलेली मुलं १९८० च्या दशकात कमावती झाली आणि त्यांनी आपलं बालपण विकत घ्यायला सुरुवात केली. भाव तिथून चढले. न्यूयॉर्कबाहेर खेळलेले, शांत स्वभावाचे, भांडण-लफडी नसलेले खेळाडू मागे राहिले. आपण शोधायचं ते तिथे.

मला बेसबॉल फारसा कळत नाही. मग जमवावं का?

जमवावं, पण आधी महिनाभर आकडे वाचायला शिका. क्रिकेट कळत असेल तर जड नाही. .३३१ सरासरी म्हणजे हजार संधींत ३३१ हिट. उरलेल्या ६६९ वेळा तो बहुतेक करून बाद झाला आणि तरीही तो महान आहे, हे एकदा मनात उतरलं की बेसबॉलची अवघड बाजू कळते. .३०० च्या वर कारकीर्द संपवणारा बॅटर उत्तम, पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, ३०० विजय म्हणजे शिखर.

म्युझियलचं नेमकं कोणतं कार्ड घ्यावं?

या प्रश्नावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण म्युझियल माझ्या गावच्या संघाचा. गेला २०१३ साली, पण स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे आणि मॅचच्या दिवशी माणसं अजून "पुतळ्यापाशी भेटू" म्हणतात. बावीस हंगाम तो एकाच संघाकडून, सेंट लुईस कार्डिनल्सकडून, खेळला. ३,६३० हिटपैकी १,८१५ घरच्या मैदानावर आणि १,८१५ बाहेर. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापताना चूक झाली असेल असं वाटलं होतं. माणूस कुठेही उभा राहिला तरी तसाच खेळायचा. ब्रुकलिनच्या प्रेक्षकांना तो इतका छळायचा की 'स्टॅन द मॅन' हे नाव त्या प्रतिस्पर्ध्यांनीच त्याला दिलं.

त्याचं पहिलं महत्त्वाचं कार्ड १९४८ चं, बोमन या गम कंपनीचं, ३६ नंबरचं. कृष्णधवल, छोटंसं. चांगल्या अवस्थेत ते स्वस्त नाही. १९५३ च्या बोमनचं रंगीत कार्ड दिसायला फार देखणं आहे. त्यानंतर तीन-चार वर्षं नेहमीच्या गमच्या पाकिटांत तो दिसतच नाही. १९५४ साली मात्र रेड हार्ट नावाच्या कुत्र्यांच्या खाद्याच्या कंपनीने काढलेल्या संचात तो आहे. टॉप्सच्या पाकिटात तो पहिल्यांदा आला १९५८ मध्ये, तेही ऑल-स्टार (निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या) कार्डावर, आणि नियमित कार्ड १९५९ चं, नंबर १५०.

माझा सल्ला १९५९ ते १९६३ या पाच वर्षांवर लक्ष ठेवायचा. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता आणि बाजाराला म्हातारा खेळाडू आवडत नाही. माझ्याकडचं १९५९ चं कार्ड एका चर्चच्या हॉलमधल्या कार्ड शोमध्ये ४० डॉलरला मिळालं. वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक बारीक घडी गेली आहे, ती चेहऱ्याला लागत नाही. चारही कोपरे गोल झालेत, जुन्या पत्त्यांसारखे. गोल चौकटीतला तो चेहरा, वर छोट्या लिपीतलं नाव. कुणीतरी मुलाने ते खिशात घालून शाळेत नेलं असणार. मला ते कोऱ्या कार्डापेक्षा जवळचं वाटतं.

बाकी कोणते खेळाडू असे मागे राहिलेत?

सगळ्यात आधी पिचर. बाजार होम रनवर भाळतो, पिचरला नेहमी एक पायरी खाली बसवतो. वॉरन स्पानचं उदाहरण घ्या. ३६३ विजय, डावखुऱ्या पिचरांमध्ये आजवरचे सर्वाधिक. आणि १९४३ ते १९४५ ही तीन वर्षं तो मोठ्या लीगमध्ये खेळलाच नव्हता, सैन्यात होता, युरोपात युद्धावर गेला. बल्जच्या लढाईत होता, रेमागेनच्या पुलावर जखमी झाला. मोठ्या लीगमधला त्याचा पहिला विजय पंचविशीतला. टॉप्सने १९५७ पासून कार्डाच्या पाठीमागे वर्षनिहाय आकडे छापायला सुरुवात केली. त्या तक्त्यात स्पानची ही तीन वर्षं शोधून बघा, तिथे खेळ नाही, युद्ध आहे. असं कार्ड मध्यम अवस्थेत आजही वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळून जातं. मला हे पटत नाही, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने ही संधी आहे.

बॉब फेलरचंही तसंच. पर्ल हार्बरनंतर लगेच नौदलात भरती झाला आणि ऐन भरातले जवळजवळ चार हंगाम गेले. तरी २६६ विजय.

स्टीव्ह कार्लटनचं १९७२ साल तर ऐकण्यासारखं आहे. त्याच्या फिलाडेल्फिया संघाने त्या हंगामात अवघे ५९ सामने जिंकले, आणि त्यातले २७ एकट्या कार्लटनच्या नावावर. त्याचं रुकी कार्ड, म्हणजे नवखेपणीचं पहिलं कार्ड, १९६५ च्या टॉप्समध्ये आहे, पण त्यावर दुसऱ्या एका पिचरचाही फोटो आहे. त्या काळी नवख्यांना असे दोघे-तिघे एकाच कार्डावर बसवत. माइक श्मिटचं १९७३ चं कार्डही असंच तिघांचं. जोडकार्डाला बाजार नाक मुरडतो.

बॅटरमध्ये माझं पहिलं बोट फ्रँक रॉबिन्सनवर. ५८६ होम रन. नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन्ही लीगांत सर्वोत्तम ठरलेला तो २०२४ पर्यंत एकटाच होता, मग जपानच्या ओहतानीने ती बरोबरी केली. १९६५ च्या हंगामानंतर सिनसिनाटीने तिशीचा झाला म्हणून त्याला देऊन टाकलं, आणि पुढच्याच वर्षी बाल्टिमोरकडून त्याने सरासरी, होम रन आणि धावा काढून देणं अशा तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. १९७५ मध्ये क्लीव्हलंडने त्याला मॅनेजर केलं, मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. रुकी कार्ड १९५७ चं टॉप्स, नंबर ३५. ते जमत नसेल तर १९६० च्या दशकातलं कुठलंही घ्या.

हँक एरन तर प्रसिद्ध आहे. त्याचंही कार्ड कमी लेखलेलं कसं?

१९५४ चं रुकी कार्ड मुळीच कमी लेखलेलं नाही, ते विसरा. पण एरन एवढा मोठा होता की त्याची बाकीची कार्डं त्याच्या उंचीला पोचलेली नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ७५५ होम रन सगळ्यांना माहीत असतात. ते सगळेच्या सगळे पुसून टाका, तरी त्याच्या नावावर ३,०१६ हिट उरतात. तीन हजार हिट हा टप्पा स्वतःच एका आयुष्याचं काम आहे.

शिवाय त्याच्या कार्डांत गोष्टी दडलेल्या आहेत. १९५६ च्या कार्डावर चेहऱ्यामागच्या चित्रात जो खेळाडू घसरत येताना दिसतो तो एरन नाहीच, विली मेज नावाचा दुसराच खेळाडू आहे. गणवेश रंगवून तो एरन म्हणून खपवलाय. १९५७ च्या कार्डाची निगेटिव्ह उलटी छापली गेली, म्हणून उजव्या हाताने खेळणारा एरन डावखुरा दिसतो आणि अंगावरचा ४४ आरशातल्यासारखा. ही दोन कार्डं थोडी महाग आहेत, घासलेली घ्या.

आणि हातात अगदी थोडे पैसे असतील तर १९७४ च्या टॉप्सची पहिली सहा कार्डं घ्या. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा एरनचे ७१३ झाले होते, बेब रूथचे ७१४. वर्षानुवर्षांचा विक्रम एक कृष्णवर्णीय माणूस मोडणार म्हणून त्या हिवाळ्यात त्याला धमक्यांची पत्रं येत होती. टॉप्सने मात्र विक्रम मोडायच्या आधीच एक नंबरच्या कार्डावर 'होम रनचा नवा सम्राट' असं छापून टाकलं. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात ७१५ वा गेला आणि कार्ड खरं ठरलं. दोन ते सहा नंबरच्या कार्डांवर त्याची १९५४ पासूनची जुनी कार्डं छोट्या आकारात छापली आहेत. परवडत नाही ते रुकी कार्डही त्यात बघायला मिळतं. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा दिलेली कार्डं हीच.

कृष्णवर्णीय लीगमधल्या खेळाडूंची कार्डं मिळतात का?

जॉश गिब्सनचं नाव मे २०२४ मध्ये सगळीकडे आलं. मेजर लीगने (मोठ्या लीगने) कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले आणि .३७२ सरासरीने गिब्सन आधीचा विक्रमवीर टाय कॉबच्याही वर गेला. पण तो जानेवारी १९४७ मध्येच पस्तिसाव्या वर्षी वारला होता, आधुनिक मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी. त्याच्या खेळण्याच्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या गम कंपन्यांनी त्याचं कार्ड छापलंच नाही. हे वाचताना मला दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारे बाळू, ज्यांना पुण्यात खेळाडूंसोबत चहा मिळायचा तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. नोंद उशिरा होते, आणि ज्याची व्हायला हवी तो तोवर नसतो.

जे थोडे मोठ्या लीगपर्यंत पोचले त्यांची कार्डं आहेत, आणि त्यात लॅरी डोबी मला फार महत्त्वाचा वाटतो. जॅकी रॉबिन्सननंतर अकरा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला, तो क्लीव्हलंडकडून उतरला. अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्रास तोच, हॉटेलं बंद तीच, शिव्या त्याच. पण दुसऱ्याला कोण विचारतो? रॉबिन्सनला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोरांच्या सन्मान-दालनात) १९६२ साली घेतलं, डोबीला १९९८ साली. कार्डांच्या भावातही तेच अंतर दिसतं. १९४९ चं बोमन, नंबर २३३, हे डोबीचं रुकी कार्ड. ते मिळवायला मला बराच वेळ लागला. त्याची १९५० च्या दशकातली कार्डं मात्र सहज सापडतात.

सॅचेल पेज ४२ व्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला. त्याचं १९५३ चं टॉप्स कार्ड, ज्यावर त्याच्या नावात एक 'एल' जास्तीचा छापलाय, सुंदर चित्र आहे, पण आता ते स्वस्त राहिलेलं नाही.

रुकी कार्डच घ्यावं असं सगळे सांगतात. खरं का?

नाही. मँटलचं ते कोट्यवधींचं १९५२ चं कार्डसुद्धा रुकी कार्ड नाही, त्याचं रुकी कार्ड १९५१ च्या बोमनचं. रुकी कार्डावर खेळाडूने अजून काहीच केलेलं नसतं. माझी आवड कारकिर्दीच्या मधल्या आणि शेवटच्या वर्षांची. भाव कमी, आणि पाठीमागे आकड्यांचा अख्खा तक्ता.

कार्डाची अवस्था किती चांगली हवी?

पीएसए, एसजीसी, बेकेट अशा संस्था कार्ड तपासून १ ते १० ग्रेड देतात आणि प्लास्टिकच्या कडक डबीत बंद करतात. तिला स्लॅब म्हणतात. जुन्या कार्डांत ८-९ ग्रेडसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. मी २ ते ४ मध्ये राहतो. या ग्रेडमध्येही डावं-उजवं असतं. एखादं ३ चं कार्ड पाठीमागच्या पुसट पेन्सिलीच्या खुणेमुळे खाली आलेलं असतं, समोरून लखलखीत. दुसरं ३ चं, पण चेहऱ्यावरच घडी. ग्रेड बघू नका, कार्ड बघा. चित्र मध्यभागी बसलंय का, रंग ताजे आहेत का, चेहरा स्वच्छ आहे का, एवढं पुरे. चाळीस-पन्नास डॉलरच्या कार्डाला स्लॅबची गरज नाही, तपासणीची फी आणि टपालखर्चच कार्डाला गिळतो.

नकली कार्ड ओळखायचं कसं?

माझी स्वतःची फसवणूक वर सांगितलेल्या सॅचेल पेजच्या १९५३ च्या कार्डावर झाली आहे. ऑनलाइन लिलावात 'जुनं, मूळ' म्हणून घेतलं, विकणाऱ्याने पाठीमागची बारीक अक्षरं खरवडून वर चहाचा डाग पाडला होता. पाकीट उघडलं, फोटोत दिसलं तसंच. मग मी ते माझ्याच १९५३ च्या एका साध्या खेळाडूच्या कार्डावर ठेवलं, आणि चारही बाजूंनी खालचं कार्ड बाहेर डोकावलं. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटर असतात. १९५७ पासून माप ६४ बाय ८९ झालं. १९५३ च्या संचाचं पुनर्मुद्रण टॉप्सनेच १९९१ साली काढलं होतं, नव्या मापात. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगतो: ज्या वर्षाचं मोठं कार्ड घ्यायचंय, त्याच वर्षाचं एखाद्या अनोळखी खेळाडूचं दोन-तीन डॉलरचं कार्ड आधी घ्या. ते तुमचं वजनमाप. जाडी, पाठीचा राखाडी-तपकिरी पुठ्ठा, कडा, वास, सगळं त्याच्याशी ताडून बघा. भिंगाखाली बघताना नावाची अक्षरं पाहा. मूळ छपाईत काळी अक्षरं सलग शाईची असतात, फोटो काढून छापलेल्या नकलेत अक्षरांतही ठिपके दिसतात. युद्धाच्या आधीचं कार्ड यूव्ही टॉर्चखाली निळसर-पांढरं चमकलं तर ठेवून द्या, तसा कागद तेव्हा नव्हता. आणि कोपरे फारच धारदार पण माप किंचित कमी, तर कडा कापलेल्या असतात.

आणखी जुनी, तंबाखूच्या पाकिटातली कार्डं आपल्या आवाक्यात आहेत का?

आहेत, आणि लोकांना याचं नेहमी नवल वाटतं. १९०९ ते १९११ मधल्या टी२०६ संचातलं होनस वॅगनरचं कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं, म्हणून सगळा संच अप्राप्य वाटतो. पण त्यात पाचशेहून जास्त कार्डं आहेत आणि साध्या खेळाडूंची झिजलेली कार्डं सामान्य माणूस घेऊ शकतो. थोरांमध्ये एडी कॉलिन्स शोधा. ३,३१५ हिट, ७०० च्या वर बेस चोरलेले (फटक्याशिवाय धावून पुढचा बेस गाठलेले), आणि तरी टाय कॉब, वॉल्टर जॉन्सन यांच्या सावलीत. गाउडी गम कंपनीच्या १९३३ च्या संचात पिचर लेफ्टी ग्रोव्ह बघा: ३०० विजय, १४१ पराभव. इथे मात्र स्लॅबमधलंच घ्या.

१९८०-९० ची कार्डं घ्यावीत का?

त्या काळात इतकी छापली गेली की बंद खोकी आजही निघतात. पैशांसाठी घेऊ नका. एक अपवाद सांगतो, टोनी ग्विनचं १९८३ चं टॉप्स, नंबर ४८२. वीस हंगामांत सरासरी .३३८, आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) फक्त ४३४. आजचे काही बॅटर तेवढे अडीच-तीन हंगामांत करतात.

कार्डं सांभाळायची कशी?

लॅमिनेट करू नका! आपल्याकडे मार्कशीट आली की पहिलं काम तेच असतं. एका ओळखीच्या काकांनी प्रेमापोटी नातवाची दोन जुनी कार्डं लॅमिनेट करून आणली. ती गेलीच, परत निघत नाहीत. आधी पातळ प्लास्टिकचं पाकीट, त्याला पेनी स्लीव्ह म्हणतात, मग कडक टॉपलोडर. पीव्हीसीचे जुने अल्बम नकोत. ऊन नको. मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, दर महिन्याला बदलून.

भारतात बसून जमवता येतील का?

येतील, पण एकेक कार्ड मागवलं तर टपाल आणि कस्टम ड्युटीने कार्ड दुप्पट पडतं. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे सहा महिने जमू द्या आणि एकदम आणा, आणताना कस्टमचे नियम बघून घ्या.

पुढे भाव वाढेल का?

२०२०-२१ मध्ये सगळं भडकलं, नंतर बरंच खाली आलं. ज्यांनी शिखरावर घेतलं ते अजून धरून बसलेत. इथे अमेरिकेत नफ्यावर करही लागतो, वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्रहाच्या वस्तूंना २८ टक्क्यांपर्यंत. मी मुलीच्या कॉलेजचे पैसे यात घालत नाही. महिन्याची एक ठरावीक रक्कम, तीही नसेल तर त्या महिन्यात फक्त बघायचं.

पहिलं कार्ड कोणतं घेऊ?

स्पान, १९५७ नंतरचं कोणतंही, घडी असलेलं चालेल. ऑनलाइन नको, जवळच्या कार्ड शोला जा. टेबलामागच्या म्हाताऱ्या माणसाला "स्पान आहे का?" असं विचारा. मँटल मागणारे त्याला दिवसभर भेटलेले असतात. तो खुर्चीखालून खोकं काढेल आणि बहुधा तुम्हालाही बसायला खुर्ची देईल.